रिकाम्या ट्रॉलीचे शॉकअप

शॉकअप गाडीचं ओझं उचलत नाही. ओझं उचलतात ते कमानीचे पट्टे. चाक खड्ड्यात गेलं की पट्टे दबतात, मग उसळतात, पुन्हा दबतात. त्या उसळीला धरून ठेवायचं, तिला लवकर गप्प करायचं, एवढंच शॉकअपचं काम. हे मी नववीच्या वर्गाला दरवर्षी शिकवतो. स्प्रिंगला वजन टांगून दाखवतो, मग तेच वजन पाण्याच्या बादलीत बुडवून दाखवतो. हवेत ते किती वेळ वरखाली नाचत राहतं, पाण्यात एक-दोनदा हलून थांबतं. पोरांना कळतं. मलाही कळतं असं मी धरून चाललो होतो.

आदिलाबादला मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेत मी विज्ञानाचा मास्तर आहे. घरातला पहिला पदवीधर मी, आणि बेल्याकडच्या आमच्या वस्तीतलाही पहिला. याचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. निकाल लागला तेव्हा विहारासमोर खुर्ची टाकून माझा सत्कार झाला होता. हार माझ्या गळ्यात, आणि खुर्चीमागे उभा असलेला माझा मोठा भाऊ येईल त्याला सांगत होता, "फिजिक घेतलं हाय त्यानं, फिजिक." त्यानं स्वतः सातवीनंतर शाळा सोडली होती. मी होस्टेलात राहून शिकलो ते त्याच्या जिवावर.

दादानं तीस वर्षं गावच्या पटेलाचा ट्रॅक्टर चालवला. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना स्प्रिंग नसते, हे चालवणाऱ्यालाच माहीत असतं. जी काय स्प्रिंग असते ती सीटखाली, आणि पटेलाच्या ट्रॅक्टरची ती केव्हाच बसली होती. दादा तिच्यावर पोत्याची घडी टाकून बसायचा. नांगरणी, पाण्याचे टँकर, हंगामात कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगला. पन्नाशीच्या आत त्याची कंबर गेली. आदिलाबादच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून दाखवला. मणक्यांमधल्या गाद्या झिजल्या होत्या आणि एका जागी नस दाबली गेली होती. ऑपरेशनची खात्री नाही म्हणाले. तासाभराच्या वर बसू देऊ नका, हिसका लागू देऊ नका. पायाच्या मुंग्या वाढल्या तर लगेच आणा.

मुंग्या वाढतच होत्या. मागच्या पावसाळ्यात तो काठी घेऊन अंगणापर्यंत यायचा आणि तिथून उताराखालची पैनगंगा पाहत बसायचा.

"मास्तर," एक दिवस म्हणाला, "ही जाते कुठं?"

"वर्धा नदीला मिळते."

"पाह्यली का तू?"

"नाही. भूगोलात आहे."

"न पाह्यता सांगून राह्यला होय!" तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "जलमभर तिचं पानी पेलो. गाडी जिनिंगच्या पुढं कधी गेली नाई. मले ते जागा पाहू वाटते. जिथं ही दुसरीत जाते ते. तिथंच एक दिवस निजाचं, आन् वापस याचं."

वहिनी चुलीपाशी होती. तिनं तिथूनच टाकलं, "उठून मोरीत जाणं होत नाई, आन् संगम पाहून राह्यले."

अंतर फार नव्हतं. पूल ओलांडून पलीकडे गेलं की दुपारपर्यंत पोचण्यासारखं. पण तासाभरानं त्याला आडवं व्हावं लागणार, खाली बसून शौचाला जाता येत नाही, आणि नदीकाठी लॉज कुठून येणार. मी शब्द देऊन बसलो, "दिवाळी झाली की नेतो." दिवाळीच्या पुढं त्याचे पाय किती दिवस चालतील हे डॉक्टर सांगत नव्हते, म्हणून हा शब्द मला टाळता येणार नव्हता.

मोबाइलवर मी एक छोटी ट्रॉली पाहिली होती. जीपच्या मागे जोडायची, कच्च्या रस्त्यावर, रानात न्यायची. आत एक पलंग, मागचा फाळका उघडला की स्वयंपाकाची जागा. शहरातली हौशी माणसं ती घेऊन डोंगरात राहायला जातात. मला त्यात दादाचा पलंग दिसला. इचोड्याला हायवेच्या कडेला ट्रॉल्या बनवणारं एक वर्कशॉप आहे, तिथं मी स्वतः काढलेलं चित्र घेऊन गेलो. पलंगाची उंची दादाच्या गुडघ्याएवढी. एका कोपऱ्यात खुर्चीसारखा कमोड. मागे वहिनीच्या गॅसची जागा. महिन्याभरात पत्र्याची ती खोली तयार झाली. मी ती गावात आणली तेव्हा वस्ती गोळा झाली.

"गुरुजी, याले बैल कोनाचे जुपता?" एकानं विचारलं.

"दाराले कडी आतून हाय का बाहेरून?" दुसरा. "मास्तरीणबाईनं बाहेरून लावली तं?"

दादा काठीवर रेलून चारी बाजूंनी पाहत होता. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून त्यानं काठीनं चाकाजवळ ठोकून पाहिलं. "पट्टे पिकअपचे टाकले यानं," म्हणाला. "भारी हायत."

"मजबूत पाहिजेत ना, दादा."

"हो. मजबूत हायत."

आता शॉकअपचं राहिलं होतं. वर्कशॉपवाला म्हणाला होता, एवढ्या ट्रॉलीला शॉकअप कोणी लावत नाही. मी म्हणालो, मला लावायचेत. माझ्या जुन्या डिझेल जीपचे मागचे शॉकअपही तेल गळत होते, तेही बदलायचे होते. ट्रॉली जीपला जोडून इचोड्यालाच, हायवेच्या पलीकडच्या मिस्त्रीकडे गेलो. दादा हट्टानं सोबत आला होता, मागच्या सीटवर आडवा.

मिस्त्री म्हातारा माणूस. त्यानं जीपच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून पूर्ण वजन टाकलं आणि सोडलं. जीप चार-पाच वेळा डोलली. "एक बार नीचे, एक बार ऊपर, फिर चुप. ऐसा होना," तो म्हणाला. मग त्यानं तीन जोड्या बाकड्यावर मांडल्या. एक साधी तेलाची, मऊ. एक गॅस भरलेली, मधली. आणि तिसरी जाडजूड, कापूस भरून जिनिंगला जाणाऱ्या पिकअपांना टाकतात ती. मी तिसरीचा दांडा दाबायचा प्रयत्न केला, जागचा हलेना. मला तीच आवडली. का आवडली हे आज सांगता येतं. आमच्या घरात कधी जाड, टणक, नवी वस्तू आली नव्हती. पटेलाकडून उतरलेली खाट, दुसऱ्याच्या पोराची पुस्तकं. आपल्या दादासाठी घ्यायचं तर सगळ्यात जड तेच घ्यायचं, असं मी मनात पक्कं करून आलो होतो.

"सर, इसमें वजन कितना रहेगा?" मिस्त्रीनं विचारलं.

मी ट्रॉली जास्तीत जास्त किती पेलू शकते तो आकडा सांगितला.

"वो नहीं. तुम कितना डालते?"

"पूरा धरके चलो," मी म्हणालो.

दादा सीटवरून बोलला, "मास्तर, एक लोटा पानी ठिव."

"काय?"

"लोटा. काठोकाठ भरून. ट्रॉलीत ठिव एक, आन् जीपमंदी माह्या सीटवर एक. तिन्ही जोड्या टाकून पाह्य. ज्याच्यात पानी कमी सांडलं, ते घे."

ही आमच्या घरची जुनी पद्धत. बाप गाडी हाकायचा तेव्हा गावात कोणाची बाळंतपणाला आलेली लेक बैलगाडीनं न्यायची असली, की आधी गाडीत भरलेला लोटा ठेवून तो एक फेरी मारायचा. पाणी सांडलं तर खाली तणसाची गादी वाढवायचा, जूही थोडं मागेपुढे करायचा. पुन्हा फेरी. लोटा भरलेला आला की मगच पोरीला बसवायचा. मला हे माहीत होतं. पण मिस्त्रीसमोर, दोन-तीन गिऱ्हाइकांसमोर मी हसलो.

"दादा, हे विज्ञान आहे. मी हेच शिकवतो."

"बरं, मास्तर," तो म्हणाला, आणि पुन्हा आडवा झाला.

मिस्त्री माझ्याकडे पाहत होता. "आपके भाई सही बोलते, सर. रख के देखो." मी म्हणालो, बघू ना, पण रीतसर बघू. जाड जोडी जीपला टाकली, तसलीच ट्रॉलीला. आणि रीतसर म्हणजे काय केलं, तर शेजारच्या ओळखीच्या गोदामातून सरकीची पोती आणून ट्रॉली भरली. आमच्याकडे गाडी तपासायची म्हणजे भरूनच तपासतात. कापसाच्या मुलखात रिकामी गाडी कोण पाहतो? ती भरायला चाललेली असते, नाहीतर उतरवून आलेली. भरलेली ट्रॉली मी हायवेच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यानं दोन मैल फिरवली. लोण्यासारखी चालली. परत येऊन मी दादाला म्हणालो, "पाहिलं?" तो म्हणाला, "चांगली हाय."

मी पोती उतरवली आणि घरी आणली. सरकी गेली, शॉकअप तेच राहिले. ज्या ट्रॉलीत एक गादी, एक गॅस आणि पाण्याचा एक कॅन जाणार होता, तिला मी पिकअपचे पट्टे आणि पिकअपचेच शॉकअप लावले होते. नववीच्या पोरानं अशी चूक केली असती तर मी त्याला उभं करून विचारलं असतं, स्प्रिंगला टांगायचं वजन कुठं आहे?

दिवाळीनंतर निघालो. वेचणी जोरात होती, रस्त्याच्या बाभळींना कापसाचे पुंजके लागलेले. दादानं धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. आडवं होऊन रस्ता दिसत नाही म्हणाला, म्हणून पुढच्या सीटवर उशा लावून मी त्याला बसवलं. वहिनी मागे. वस्तीतली माणसं पुलापर्यंत हात करत होती. डांबरी होती तोवर ठीक चाललं. मी आरशात मागच्या पत्र्याच्या खोलीकडे पाहत होतो आणि मला, खरं सांगतो, फार भरून येत होतं.

पूल ओलांडून आतल्या रस्त्याला लागलो. पावसाळ्यात ट्रॅक्टरांनी काळी माती चिरलेली, ती वाळून दगड झाली होती. पहिल्या चाकोरीत गेलो आणि मागून हुकावर खाड् असा आवाज आला. मग पुन्हा. ट्रॉली प्रत्येक खड्ड्यावर उडत होती आणि उडाली की जीपला मागे ओढत होती, खाली पडली की पुढे ढकलत होती. जीपचं मागचं अंगही दगडासारखं आदळत होतं. मी वेग कमी केला, अजून कमी केला. चालत्या माणसाइतका केला. आदळणं थांबेना.

"दादा, लागून राह्यलं का?"

"नाई. बढिया हाय."

त्यानं दाराच्या वरचं हँडल धरलं होतं. मी रस्त्याकडे पाहत होतो, हाताकडे नाही.

"भाऊजी, हळू घ्या ना," वहिनी मागून म्हणाली.

"यापेक्षा हळू म्हणजे उतरून ढकलावी लागेल, वहिनी."

"त्याले काऊन बोलतं?" दादा तिच्यावर खेकसला. "चांगला चालवून राह्यला तो."

तासाभरानं एका बाभळीखाली थांबून त्याला पलंगावर निजवलं. उठला तेव्हा कपाळावर घाम होता. ऊन आहे म्हणाला. पुन्हा निघालो. संगम आता दहा-बारा किलोमीटर राहिला असेल. रस्ता नदीच्या कडेनं वळला, खाली वाळू आणि उथळ पाणी दिसलं, तेव्हा दादानं माझ्या मांडीवर हात ठेवला.

"इथंच थांबू, बाबू."

मी मोठा झाल्यापासून त्यानं मला बाबू म्हटलं नव्हतं.

"दादा, अर्धा-पाऊण तासात पोचतो आपण."

"नदी इथंबी तेच हाय. उद्या पाहू तिकडचं. इथं सावली बरी हाय."

मला वाटलं, त्याला जागा आवडली. मी मागचा फाळका उघडला, वहिनीनं चहा केला, मग भाकरी आणि वांग्याची भाजी. दार उघडं ठेवून तो पलंगावरून नदी पाहत होता. मी त्याला पलंगाची उंची कशी मोजली ते सांगत होतो. "डोस्कं लावलं तू," तो म्हणाला. "इतकं कोनी करत नाई." दिवस मावळताना दोन टिटव्या ओरडत वाळूवरून गेल्या. एवढाच आमचा मुक्काम.

सकाळी तो उठला नाही. जागा होता, पण पाय त्याचे राहिले नव्हते. मी त्याच्या पायाचा अंगठा चिमटला. "धरला का?" त्यानं विचारलं.

जीपच्या मागच्या सीट पाडून, त्यावर ट्रॉलीतली गादी टाकून त्याला परत आणलं. ट्रॉली तिथंच बाभळीला साखळीनं बांधून ठेवली. आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हे आज ना उद्या होणारच होतं, प्रवासानंच झालं असं नाही. हे ते फाइलकडे पाहून म्हणाले. माझ्याकडे पाहून म्हणाले असते तर मी कदाचित विश्वास ठेवला असता.

दवाखान्याच्या वऱ्हांड्यात वहिनीनं सांगितलं. दादाचा खालचा ओठ आतून फाटला होता. पूल ओलांडल्यापासून तो दात रोवून बसला होता. बाभळीखाली त्यानं तिला बजावलं होतं, मास्तरनं एवढ्या हौसेनं केलं, त्याले काही बोलजो नको. "मी तरी बोलाले पाह्यजे होतं," वहिनी म्हणाली. "पन तुमी दोघं भाऊ. मधात कोन बोलणार?"

घरी आणल्यावर चार-पाच दिवसांनी मी त्याच्या खाटेशी बसलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण तोच बोलला.

"रिकामी ट्रॉली उडते, मास्तर. भरलेली नाई उडत. माही कंबर कापूस नेतानी नाई गेली. उतरवून वापस येतानी गेली. तीस वर्सं, रोज, रिकामी आनतानी."

"तुला माहीत होतं?"

"मालूम नाई राहीन तं काय?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं ना. लोट्याचं सांगितलं." तो छताकडे पाहत होता. "तू हासला. चार मानसं होती तिथं. मंग मनलं जाऊ दे, मास्तर हाय तो."

मी तिथून उठून अंगणात गेलो. त्याच्या शब्दात राग नव्हता.

ट्रॉली परत आणली, इचोड्याला नेली. मिस्त्रीच्या कानावर बहुतेक आधीच आलं होतं. त्यानं पट्ट्यांतले दोन काढले, जाड शॉकअप काढून साधी तेलाची मऊ जोडी टाकली, जीपलाही मधली टाकली. टायरमधली हवा कमी केली. मग न सांगता आत गेला आणि स्टीलचा एक लोटा भरून घेऊन आला. आम्ही दोघं रिकामी ट्रॉली घेऊन त्याच कच्च्या रस्त्यानं गेलो. लोटा पलंगाच्या फळीवर. परत येऊन पाहिलं तर फळीवर चार थेंब होते.

हे दादाला सांगावं की नाही याचा मी आठ दिवस विचार केला. शेवटी त्यानंच बोलावलं. आता तो कुशीवर वळायलाही वहिनीची मदत घेतो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दोन-दोन तासांनी त्याला फिरवावं लागतं. जीप, सीट, उशा, हे सगळं त्याच्यासाठी संपलं होतं.

"तू जा," तो म्हणाला. "ते जागा पाहून ये. पुस्तकातलं सांगू नको मले."

शाळेत रजा टाकून मी एकटाच गेलो. ट्रॉली जोडून नेली, कारण नुसत्या जीपनं गेलो असतो तर त्याला ते आवडलं नसतं. टिटव्यांच्या जागेवरून पुढे, उरलेले दहा-बारा किलोमीटर. संगमावर पाहण्यासारखं फार काही नाही. आपली नदी गढूळ, दुसरी जरा हिरवट. दोन्ही पाणी काही अंतर शेजारी शेजारी चालतं, आणि मग ओळखू येत नाही. काठावर वाळू उपसणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकोऱ्या होत्या. एक माणूस जाळं धूत होता. मी पलंगावर तासभर बसलो. निजलो नाही.

संध्याकाळी परत आलो तेव्हा वहिनी त्याला भात भरवत होती. त्यानं हातानं खूण करून तिला थांबवलं.

"पाह्यली का?"

"पाहिली." आणि मी सांगितलं. गढूळ पाणी, हिरवट पाणी, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, जाळं धुणारा. त्यानं मध्ये मध्ये विचारलं. वाळू किती? आपली मोठी का ती? ती मोठी, मी म्हणालो. तो हुं म्हणाला. मला वाटलं, झालं.

"आन् ट्रॉली?" त्यानं विचारलं. "उडली का?"

खोटं माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यानं मला पुस्तकातलं सांगू नको म्हटलं होतं.

"नाही उडली. जीपही नाही आदळली. त्याच रस्त्यानं गेलो."

"चाकोऱ्यातून?"

"चाकोऱ्यांतून."

दादानं मान हलवली. वहिनीच्या हातातला घास तसाच होता.

"मंग मी बसलो असतो," तो म्हणाला, आणि भातासाठी तोंड उघडलं.